सोसायटीची सामायिक भाजीबाग, कोथरूड : प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

सोसायटीच्या उत्तरेकडील कुंपणभिंतीला लागून असलेल्या मोकळ्या जागेची आज मोजणी केली. दक्षिणोत्तर २० मीटर आणि पूर्वपश्चिम साडेबारा मीटर, म्हणजे २५० चौरस मीटर किंवा ढोबळमानाने अडीच गुंठे जागा हाताशी आहे. इमारत बांधली गेली तेव्हाचा राडारोडा याच जागेवर पसरून त्यावर मुरूम टाकलेला आहे आणि दर पावसाळ्यात तिथे कंबरेएवढे गाजरगवत उभे राहते. गाजरगवताची भारतातील पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली होती, आणि उकरलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीवर आजही सर्वांत आधी तेच येते.

बागेची इच्छा सभासदांनी अनेकदा बोलून दाखवली आहे, परंतु प्रत्येक वेळी चर्चा रोपवाटिकेतून काय आणायचे इथून सुरू होते. माझ्या मते सुरुवात तिथून करता येणार नाही. पेरणी मृगात होईल. तोपर्यंत पेरण्याजोगी माती तयार झालेली असली पाहिजे, आणि त्या मातीसाठी लागणारा माल आत्ताच झाडांवरून खाली पडतो आहे. आमच्या गल्लीत पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, महोगनी आणि देशी बदाम आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्यांचा पाचोळा रोज सकाळी झाडून कोपऱ्यात लोटला जातो आणि पुष्कळदा तिथेच पेटवला जातो. घनकचरा व्यवस्थापनाच्या नियमांनुसार रस्त्यावर कचरा जाळण्यास मनाई आहे, तरीही धूर निघतो, कारण पाचोळा न्यायचा कुठे याचे उत्तर झाडणाऱ्याजवळ नसते. ते उत्तर आपल्या अडीच गुंठ्यांत आहे. गल्ली झाडणाऱ्या मावशींशी आजच बोललो. पाचोळा पोत्यात भरून फाटकाशी ठेवायचा, पोती आम्ही पुरवायची आणि आत नेऊन रचण्याचे काम आमचे, असे ठरले.

३ मार्च २०२४

विशेष सर्वसाधारण सभेत बागेचा विषय मांडला. सामायिक जागेच्या वापरात बदल होत असल्याने व्यवस्थापक समितीच्या पातळीवरची परवानगी पुरेशी मानू नये आणि ठराव सभेतच व्हावा, असा आग्रह आम्ही स्वतः धरला होता. सभा लांबली, पण लांबल्यामुळेच ती उपयोगी ठरली. जे आक्षेप नंतर जिन्यात बोलले गेले असते ते समोरासमोर आले.

पहिला आक्षेप डासांचा होता. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात, त्यामुळे ही भीती रास्त आहे. म्हणून कुंड्यांखाली ताटल्या ठेवायच्या नाहीत, पाण्याच्या पिंपांची तोंडे कापडाने बांधायची आणि आठवड्यातून एकदा सर्व पिंपे कोरडी करायची, हे ठरावातच लिहिले. दुसरा आक्षेप सापांचा. पाचोळ्याच्या ढिगापेक्षा विटांचा, फरशांचा आणि लाकडांचा पडून राहिलेला ढीग उंदरांना आणि पर्यायाने सापांना अधिक सोयीचा असतो, आणि तो ढीग तर आज जागेवर आहेच. बाग झाली तर तो उचलला जाईल. तिसरा आक्षेप पाण्याचा होता, त्याचे उत्तर स्वतंत्रपणे खाली देत आहे.

सर्वांत जास्त वेळ मात्र एका साध्या प्रश्नात गेला : भाजी कोणाची? प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र तुकडा द्यावा, असे काही सभासदांचे म्हणणे होते. चाळीस घरांत अडीच गुंठे वाटले तर मधल्या पायवाटा काढून उरते काय, हे फळ्यावर मांडल्यावर तो विचार मागे पडला. शिवाय एखादे कुटुंब मे महिन्यात गावी गेले की त्याचा तुकडा वाळणार आणि शेजारच्या तुकड्यातली कीड तर कोणाचीच हद्द पाळणार नाही. अखेर वाफे सामायिक ठेवायचे ठरले. तोडणी रविवारी सकाळी होईल, आलेली भाजी फाटकाशेजारच्या टेबलावर मांडली जाईल, त्या आठवड्यात ज्यांनी काम केले ते आधी घेतील, नंतर इतर. आणि पहारेकऱ्याच्या कुटुंबाचा व गल्ली झाडणाऱ्या मावशींचा वाटा तोडणी होताच बाजूला काढला जाईल. विक्री करायची नाही. या बागेतून चाळीस घरांची भाजी भागणार नाही, हेही वाक्य आम्ही ठरावात मुद्दाम घातले, कारण अपेक्षा मोठी ठेवून उभ्या केलेल्या कामातून माणसे पहिल्याच हंगामात गळतात.

पाण्याबद्दल : बागेला महापालिकेचे पिण्याचे पाणी वापरायचे नाही, सोसायटीच्या बोअरचेच वापरायचे. पाणी शुद्ध करण्याच्या घरगुती यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी बागेला द्यावे, अशी सूचना आली होती. तिच्यामागचा हेतू चांगला आहे, परंतु त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात आणि आपली जमीन आधीच चुनखडीची असण्याची शक्यता आहे. म्हणून ते पाणी फरशी धुण्यासाठी वापरावे, वाफ्यात घालू नये.

१० मार्च २०२४

आज टिकाव आणि पहार घेऊन चार ठिकाणी खड्डे घेतले. वरचा वीतभर थर मुरमाचा, त्याखाली विटांचे तुकडे, प्लास्टरच्या खपल्या, तुटक्या शहाबादी फरशा, मध्येच गंजलेल्या सळईचा तुकडा; हातभर खोलीवर खरी काळी माती लागते, पण ती दाबली जाऊन घट्ट झालेली आहे. एका खड्ड्यात पाणी भरून पाहिले. मुरमातून ते झरझर उतरले आणि काळ्या मातीच्या थरावर येऊन थांबले, ते संध्याकाळपर्यंत तसेच होते. पावसाळ्यात इथे वरून कोरडे आणि खाली तुंबलेले अशी स्थिती राहणार, हे यावरून कळते.

मृद चाचणीसाठी नमुना रीतसर घेतला. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे वीस सेंटिमीटर खोल खड्डे करून त्यांच्या कडेचा पातळ थर वरपासून खालपर्यंत कापायचा, सर्व खड्ड्यांतील माती कापडावर एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले दोन पुन्हा मिसळायचे आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हे करत राहायचे. मुलांनी हे काम फार मनापासून केले. नमुना कापडी पिशवीत भरून शासकीय मृद चाचणी प्रयोगशाळेत दिला आहे.

फरशांचे मोठे तुकडे निवडून भिंतीशी उभे लावले. वाफ्यांच्या कडांसाठी त्यांच्याइतका टिकाऊ माल विकत आणूनही मिळणार नाही.

२ एप्रिल २०२४

चाचणीचा अहवाल आला. सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.३ टक्के, मुक्त चुन्याचे प्रमाण जास्त, पालाश (पोटॅश) भरपूर, स्फुरद (फॉस्फरस) कमी. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून झालेल्या काळ्या जमिनी मुळातच विम्ल (अल्कधर्मी) असतात. इथे सिमेंट आणि प्लास्टरचा चुना त्यात मिसळला आहे. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही पिकाला घेता येत नाही, स्फुरद चुन्याशी जखडला जातो, आणि नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. यावर रासायनिक खताची मात्रा वाढवून उपयोग नाही. सेंद्रिय कर्ब वाढवणे हाच टिकाऊ उपाय आहे, आणि तो पाचोळ्यातूनच येणार आहे.

त्यामुळे खालची जमीन न उकरता तिच्यावर उंच वाफे बांधण्याचा निर्णय झाला. प्रत्येक वाफा साडेपाच मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असावा. रुंदी याहून वाढवली तर दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचत नाही आणि माणूस वाफ्यात पाय देतो. असे आठ वाफे विकतच्या मातीने भरायचे झाल्यास जवळजवळ साडेपाच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती लागेल. एका पुरवठादाराने लाल मातीचा भाव पाठवला होता. तो परवडण्यासारखा असता तरी मी विरोधच केला असता. ती माती कोणत्या तरी डोंगरउतारावरून खरवडून आणलेली असते. एक टेकडी उघडी करून आपली बाग हिरवी करणे मला मान्य नाही. बाणेरच्या बाजूला एका बंगल्याच्या पायाखोदाईत निघालेली काळी माती टाकून दिली जाणार होती, तेवढी एक ब्रास आणवली आहे. बाकीचे वाफे पाचोळा, उसाची चिपाडे, नारळाच्या शेंड्या आणि घरचा ओला कचरा यांनी भरायचे. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून घरच्या आणि परिसरातल्या टाकाऊ जैव वस्तूंपासून माती घडवण्याची ही वाट महाराष्ट्राला दाखवली आणि शहरांतल्या कित्येक गच्च्यांवर ती आजही चालते आहे. आम्ही ती जमिनीवर वापरत आहोत इतकेच.

२१ एप्रिल २०२४

पाचोळा भरण्यासाठी जाळीचे चार गोल कठडे उभे केले आहेत, प्रत्येकी सव्वा मीटर व्यासाचे आणि तेवढ्याच उंचीचे. ढीग सर्व बाजूंनी मीटरभर तरी असला पाहिजे, नाहीतर आतली उष्णता टिकत नाही. कर्ब आणि नत्राचे (नायट्रोजनचे) प्रमाण २५ ते ३० ला १ असे राहिले की कुजणे वेगाने होते. व्यवहारात दोन पाट्या सुका पाचोळा आणि एक पाटी ओला कचरा असे थर देत गेल्याने ते साधारण जमते. ओला कचरा आमच्याकडे 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई दारोदार गोळा करतात. कोणत्या घरातून निवडलेला कचरा येतो आणि कोणत्या घरातून पिशवीसकट येतो हे त्यांना तोंडपाठ आहे, आणि त्यांनीच सुचवले की सुरुवात निवडून देणाऱ्या घरांपासून करावी.

पाचोळ्याचेही प्रकार आहेत. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष यांची बारीक पाने लवकर कुजतात. आंबा, वड आणि जांभूळ यांची चिवट पाने वेळ घेतात, म्हणून ती अंगणात पसरून चुरडून घेतली. निलगिरीचा पाला बाजूला ठेवला. सुबाभळीच्या शेंगा मात्र निवडून काढाव्याच लागतात. एवढ्या उन्हातही तिचे बी जिवंत राहते आणि पावसाळ्यात वाफाभर उगवते.

या महिन्यात मोठी अडचण कोरडेपणाची होती. ढिगाला ओल नसेल तर पाचोळा महिनोन्‌महिने जसाच्या तसा राहतो. थर रचताना प्रत्येक थरावर अमृतजल शिंपडले : दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ घालून तीन दिवस रोज तीन वेळा ढवळायचे आणि चौथ्या दिवशी शंभर लिटर पाण्यात मिसळून वापरायचे. शेण-गोमूत्र कर्वेनगरच्या एका गोठ्यातून येते. रसवंतीवाल्यांकडून चिपाडे मिळतात. ती दोन दिवस पाण्यात बुडवून मगच घेतो, म्हणजे उरलेली साखर निघून जाते आणि मुंग्या लागत नाहीत.

आज पहिल्या कठड्याच्या मध्यात पहार खुपसून दहा मिनिटांनी उपसली. तिचे खालचे टोक हातात धरवत नव्हते. ढीग पेटला आहे, म्हणजे जसा पेटायला हवा तसा.

१३ मे २०२४

पुण्यात आज लोकसभेचे मतदान असल्याने बहुतेक सभासद घरी होते, आणि आजच शून्य सावलीचा दिवसही आहे. दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशी जिरते. मुलांनी काठ्या रोवून ते पाहिले. या वेळी सगळ्या जागेवर लख्ख ऊन होते, आणि त्यावरून दक्षिणेकडचा भागही वाफ्यांसाठी घ्यावा असे काहींना वाटले.

मे महिन्यातले ऊन पाहून आखणी केली तर हिवाळ्यात पंचाईत होते. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला सुमारे ४८ अंशांवर असतो, आणि तेव्हा १३ मीटर उंचीच्या आमच्या इमारतीची सावली सुमारे पावणेबारा मीटर लांब पडेल. इमारत आणि ही जागा यांच्यामध्ये तीन मीटरचा रस्ता आहे. म्हणजे जागेचा दक्षिणेकडचा पावणेनऊ मीटरचा पट्टा थंडीत दुपारीही सावलीत असणार, आणि मेथी, पालक, टोमॅटो, वांगी यांचा खरा हंगाम तोच. म्हणून चुन्याची फक्की मारून आजच हद्द आखली : दक्षिणेच्या पट्ट्यात खताचे कठडे, अवजारांची पेटी, बसण्याचा कट्टा आणि सावली सोसणारे अळू, आले, हळद, उत्तरेच्या भागात आठ वाफे, आणि अगदी उत्तरेला, भिंतीलगत, वेलांचा मांडव. मांडवाची सावली भिंतीकडे पडेल, वाफ्यांवर नाही.

२ जून २०२४

वाफे भरून झाले. तळाशी शेंड्या आणि चिपाडे, त्यावर पाचोळा, मग अर्धवट कुजलेले खत, आणि सर्वांत वर काळी माती व चाळलेले खत समप्रमाणात मिसळून चार बोटांचा थर. पावसाळ्यात हे सगळे दबून खाली बसेल, म्हणून वाफे शिगोशीग भरले आहेत.

एप्रिलमधला पहिला ढीग आज उघडला, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिण्यासारखे आहे. वरचा हातभर थर अजून पाचोळाच होता, तपकिरी आणि कुरकुरीत. त्याखाली पानांच्या शिरांची नुसती जाळी उरली होती आणि त्या जाळीतून बुरशीचे पांढरे तंतू एका पानातून दुसऱ्यात गेले होते. त्याच्याही खाली काळसर, मोकळा, रवाळ माल. मुठीत दाबला तर मुटका होतो, बोटाने टोकरला तर फुटतो. एका सभासदांच्या सासूबाई, ज्यांचे माहेर सासवडकडचे आहे आणि ज्या इतके दिवस खिडकीतून आमचे काम पाहत होत्या, त्या खाली उतरल्या, हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, "पेरा आता, वाट कशाची बघताय?"

बियाण्यांत शक्यतो सरळ आणि गावरान वाणे घेतली आहेत, कारण संकरित वाणाचे बी राखून पुढच्या वर्षी तसेच पीक येत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घराघरांतले गावरान बियाणे जपून केवढे काम उभे केले, हे महाराष्ट्राला माहीत आहे; आमच्या दृष्टीने त्यातली घेण्यासारखी गोष्ट ही की बी दुकानातून येण्याआधी शेजारून येत असे. सभासदांना आवाहन केल्यावर जुन्नर, भोर, वाई आणि कोकणातून वाल, घोसाळे, काकडी आणि लाल भोपळ्याचे बी कागदाच्या पुड्यांत आले. भेंडीसाठी परभणी क्रांती घेतली; मराठवाडा कृषी विद्यापीठाचे हे वाण पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला बऱ्यापैकी तोंड देते.

कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्याही मुले गोळा करत आहेत. वाळवून ठेवल्या की वर्षभर पाच टक्के निंबोळी अर्क घरीच करता येईल.

९ जून २०२४

मृग लागले आणि पाऊसही आला. भेंडी, गवार, माठ आणि अंबाडी वाफ्यांत टोकली. दोडका, घोसाळे, पडवळ, कारले आणि वाल मांडवाच्या पायथ्याशी आळी करून लावले. लाल भोपळा कोपऱ्यात, जिथे त्याला पसरायला जागा आहे. दक्षिणेच्या पट्ट्यात अळूचे कंद, आले आणि हळद. पेरणीनंतर वाफे पातळ पाचोळ्याने झाकले, म्हणजे पावसाच्या थेंबांनी माती उडत नाही.

२८ जुलै २०२४

२५ तारखेच्या अतिवृष्टीत सिंहगड रस्त्याच्या एकतानगरी भागात घरांत पाणी शिरले. आमच्या काही सभासदांचे नातेवाईक तिथे राहतात, त्यामुळे या आठवड्यात बागेपेक्षा तिकडे कपडे, अंथरुणे आणि जेवण पोचवण्यात माणसे गुंतली होती, आणि ते योग्यच होते. बागेत वाफ्यांमधल्या वाटांवर घोटाभर पाणी साचले, पण वाफ्यांची माती मोकळी राहिली. मार्चमध्ये खड्ड्यात थांबलेले पाणी पाहून उंच वाफ्यांचा निर्णय घेतला होता, तो या पावसात कामी आला. अंबाडी आडवी झाली होती, तिला कामट्यांचा आधार दिला.

शंखी गोगलगायी मात्र फार झाल्या आहेत. ही मोठी आफ्रिकी गोगलगाय रात्रीतून भोपळ्याचा कोवळा वेल शेंड्यापर्यंत खाऊन टाकते. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांच्या कडेने अंथरायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या, असा क्रम सुरू आहे. मीठ थेट वाफ्यात टाकू नये, हे सर्वांना बजावले आहे. मुलांना हे काम उघड्या हातांनी करू द्यायचे नाही.

१८ ऑगस्ट २०२४

दोडक्याला फुले भरपूर, पण फळ धरत नव्हते. घोसाळ्याचे फूल पहाटे उमलते, दोडक्याचे संध्याकाळी. आमच्या गल्लीत दिवेलागणीनंतर परागीभवन करणारे कीटक फारसे फिरकत नसावेत. म्हणून संध्याकाळी सहानंतर नर फूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे दुमडून, परागकोश मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवायचा, असे सुरू केले. मादी फुलाच्या देठाशी बोटाच्या पेराएवढा छोटा दोडका आधीच दिसतो, त्यामुळे ओळखायला अडचण येत नाही. ऑफिसातून परतणारी मंडळी आता फाटकातून थेट मांडवाखाली जातात. या आठवड्यात धरलेली फळे टिकली आहेत. कारल्यावर फळमाशी दिसल्याने क्यू ल्युअरचे (नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचे) दोन सापळे टांगले आणि डंख मारलेली फळे तोडून बंद डब्यात टाकली.

८ सप्टेंबर २०२४, ऋषिपंचमी

या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हाताने पिकवलेलेच खायचे, असा रिवाज आहे. आमच्या वाफ्यांत कुदळ-खुरप्याखेरीज काहीच चालले नाही, त्यामुळे ऋषीची भाजी बागेतूनच करावी असे ठरले. अळूची पाने आणि देठी, माठ, अंबाडी, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा आणि गवार घरची निघाली. सुरण आणि मक्याची कणसे मंडईतून आणली. आठ-दहा घरांतल्या बायकांनी आणि दोन आजोबांनी कट्ट्यावर बसून भाजी निवडली, आणि एका मोठ्या पातेल्यात ती शिजली. फोडणी नाही, मसाला नाही, चिंच आणि हिरवी मिरची एवढेच. अंबाडीचा आंबटपणा आणि अळूचा दाटपणा एकत्र आला की या भाजीला आणखी कशाची गरज उरत नाही. बागेच्या कामात आजवर न आलेली घरे आज आली, आणि त्यांतल्या काहींनी पुढच्या महिन्याच्या पाळीत नाव लिहिले.

विसर्जनापर्यंत निर्माल्य स्वतंत्र कठड्यात जमवत आहोत. हारांचे दोरे, सोनेरी कागद आणि कापूस आधी काढावा लागतो. ते काम फाटकाशीच व्हावे म्हणून तिथे टोपली आणि कात्री ठेवली आहे.

१३ ऑक्टोबर २०२४

काल दसरा झाला. खरिपाचे वाफे मोकळे करून त्यांत नवे खत मिसळले; माती अपेक्षेप्रमाणे निम्म्याहून अधिक खाली बसली होती. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर टोकली आणि टोमॅटो, वांगी यांची रोपे लावली. गेल्या वेळी भेंडी होती तिथे आता मेथी, गवार होती तिथे वांगी.

ऑक्टोबरच्या उन्हात रोज अंदाजे पाच मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरले, तर एका चौरस मीटरला पाच लिटर, म्हणजे आठ वाफ्यांच्या सुमारे ५३ चौरस मीटरला रोज २६५ लिटर पाणी लागेल. आच्छादन जाड केल्यावर यात चांगली बचत होते. दोन वाफ्यांवर पाचोळा मुद्दाम पातळ ठेवून तुलना केली. तिथली माती दुसऱ्याच दिवशी वरून पांढुरकी पडली, आणि शेजारच्या झाकलेल्या वाफ्यात बोट घातले तर ओल दुसऱ्या पेरापर्यंत लागत होती. आता पाळीवाल्यांनी घड्याळ बघून पाणी घालायचे नाही, बोट घालून ओल बघायची आणि मगच झारी उचलायची, असा नियम केला आहे.

२२ डिसेंबर २०२४

भर दुपारी सावली मोजली. ती पहिल्या वाफ्याच्या अलीकडे, मे महिन्यात मारलेल्या फक्कीच्या रेषेच्या जवळपास थांबते. उत्तरेचे आठही वाफे उन्हात आहेत. टोमॅटोला फळे लागली आहेत, वांग्यावर मावा आला होता तो निंबोळी अर्काच्या दोन फवारण्यांनी आटोक्यात आला. फवारणी संध्याकाळीच करायची, उन्हात अर्काचा गुण जातो.

१९ जानेवारी २०२५

वाफ्यांतल्या मातीची चाचणी करून घेतली. सामू ७.८ आणि सेंद्रिय कर्ब १.१ टक्के. ही माती मूळ जमिनीची नव्हे, आम्ही भरलेली आहे, त्यामुळे आधीच्या आकड्यांशी तिची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. मूळ जमीन किती सुधारली हे पाहण्यासाठी वाफ्याखालचा नमुना वेगळा घ्यावा लागेल, आणि तो पुढच्या वर्षी घेऊ. हळद काढली, पाने वाळेपर्यंत थांबलो होतो. वाटणीत प्रत्येक घराला मूठभर ओली हळद आली, ती बहुतेकांनी लोणच्याला घातली.

मांडवावर राखून ठेवलेली घोसाळी आणि दोडके पूर्ण वाळले आहेत. आज कट्ट्यावर त्यांचे बी काढले : टोक मोडायचे, फळ उलटे धरून आपटायचे, काळे बी खळखळून खाली येते. पोचट बी पाखडून काढले, उरलेले चुलीच्या राखेत घोळून काचेच्या बरण्यांत भरले, आणि प्रत्येक बरणीवर वाण, मूळ गाव आणि बी धरल्याचा महिना लिहिला. ज्या घरांनी जूनमध्ये बी दिले होते त्यांना त्याच्या दुप्पट परत दिले. इतर कोणालाही बी मिळेल. अट एवढीच की हंगामानंतर नेले त्याच्या दुप्पट आणून द्यायचे, आणि ते दुसऱ्या वाणापासून लांब लावलेल्या वेलाचे असावे. शेजारच्या सोसायटीच्या सचिवांनी वाल आणि घोसाळे नेले आहे. त्यांचे नाव वहीत लिहिले.